नारळ माहेरी फुटला

१४ डिसेंबर, रविवार
गाडी आणली. सेकंडहँड, लाल, मागचं बंपर घासलेलं, पण आरसीवर माझं नाव. रांजणगावला कंपनीत इतकी वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या पार्टांवर ओके-रिजेक्टचे शिक्के मारले, त्या पगारातून आली. शिरूरहून मीच चालवत निघाले. संजय शेजारी बसून सारखा ब्रेक दाबत होता, त्याच्या पायाखाली ब्रेक नसताना. म्हणाला, घरात सवत आणलीस, पण उलटी, माझ्यासाठी.
न्हावऱ्याला यायच्या आधी भांडगावला नेली. आईला गुडघ्यामुळं कुठं निघता येत नाही, तिला दाखवायची होती. दादानं चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आईनं ओवाळलं. दिवस मावळताना वस्तीवर आलो. आप्पा ओट्यावर वाट बघत बसलेले. "सूनबाई, मला म्होरं बसव." बसवलं. नुसता डॅशबोर्डवर हात फिरवत राहिले. आज फार बरं वाटतंय, उगाच खोटं कशाला.

१५ डिसें.
सकाळी थोरली सासू आली, मागून तिचा दत्ता. आप्पांच्या मोठ्या भावाचं घर ते, बांधापलीकडं. पेढा दिला.
"नारळ कुणी फोडला?"
"माझ्या भावानं. भांडगावला."
"व्हय का."
पेढा तसाच ओट्यावर ठेवून गेली. दत्ताभाऊजी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "गाडी माहेरची दिसतीया." मी म्हणाले, "पगाराची हाय." उचलली जीभ लावली टाळ्याला. संजयनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच नारळ आहे.
मग आठवलं. ह्या घरात बैल येवो, विहीर होवो, ट्रॅक्टर येवो, पहिला नारळ थोरल्या घरच्या पुरुषाच्या हातून. मोठे मामंजी होते तोवर ते, ते गेल्यापासून दत्ताभाऊजी. संजयची मोटारसायकलसुद्धा आधी त्यांच्या दारात गेली होती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण गाडी माझी म्हटल्यावर ती ह्या घराची आहे हेच डोक्यात आलं नाही.

१६ डिसें., मंगळ
आप्पांची डायलिसिस. मंगळ-शुक्र, दौंड. ह्याच्यासाठीच तर गाडी. आत्तापर्यंत संजय मोटारसायकलवर न्यायचा, टॉवेलानं आप्पांना पाठीला बांधून. येताना तर त्यांना मान धरवत नाही. दिवाळीनंतर एकदा चौफुल्याला दोघंही पडले, तेव्हा डॉक्टर संजयला बोलले, परत गाडीवर बांधून आणलंत तर दारातून परत पाठवीन.
आज मी सुट्टी टाकून नेलं. येताना आप्पा झोपले. घोरत होते. पाटसपासून न्हावऱ्यापर्यंत घोरणं ऐकत आले, रेडिओ लावला नाही.

२० डिसें., शनि
वाट नांगरली.
डांबरीवरून वस्तीला यायला एकच वाट, दत्ताच्या रानातून. आजेसासऱ्यांच्या काळापासून सगळं तिथूनच. कागदावर मात्र ती कुठंच नाही. उजाडताच ट्रॅक्टरचा आवाज आला. मला वाटलं कांद्यात काहीतरी चालू असेल. बाहेर येऊन बघते तर वाट उकरून ढेकळं वर. डांबरीच्या तोंडाला आडवा चर. गाडी आत, आम्ही आत.
संजय पळत गेला. "भाऊ, हे काय?"
दत्ता ट्रॅक्टरवरनं उतरलाच नाही. "माहेरी नारळ फोडला न्हव? आता रस्ता बी माहेरावरनं आणा."
संजय हसून काहीतरी बोलायला लागला. भावकीत तो असाच, आधी हसतो. मी ढेकूळ उचललं आणि मारलं. दत्ताच्या खांद्यावर फुटलं. दुसरं मारलं ते चुकलं. तिसऱ्याला संजयनं हात धरला.
बायकांनी ढेकळं मारायची नसतात म्हणे. मग वाट नांगरायची असते का?

२३ डिसें., मंगळ
प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आप्पांना डांबरीपर्यंत नेलं. पुढचे पाय संजयनं धरले, मागचे मी. ढेकळांत पाय मुरगळत होते. मधे एकदा खुर्ची कलली, आप्पांनी माझ्या केसांना धरलं. दत्ता त्याच्या दारात दात घासत उभा होता. पूर्ण वेळ दात घासत होता. डांबरीवर भाड्याची जीप उभी केलेली, तिनं गेलो.
माझी गाडी गोठ्याच्या कडेला उभी, तिच्यावर कोंबड्या बसतात.

२४ डिसें.

दुपारी दत्ता शिरूरला गेलेला बघून आम्ही दोघं चर बुजवायला लागलो. दगड, जुने कौलांचे तुकडे, जे मिळेल ते. अर्धा भरला आणि दत्ता परत आला. कुणीतरी फोन केला असणार. शिवी नाही, काही नाही, सरळ आला आणि संजयच्या हातातलं खोरं हिसकून दांडा डोक्यात घातला. संजय खाली बसला. पडला नाही, बसला, दमल्यावर बसतात तसा. मग रक्त. कानामागून, शर्टाच्या आत.
मी ओरडले असेन. आठवत नाही. एवढं आठवतं की घराकडं पळाले, गाडी चालू केली, ढेकळांतून आणली, संजयला आत ओढला आणि अर्ध्या भरलेल्या चरावरून तशीच काढली. खालून करकर आवाज आला, काहीतरी फाटलं. दत्ता बाजूला झाला. तो बाजूला झाला नसता तर मी थांबले नसते, हे मला तेव्हाच कळलं होतं.
शिरूरच्या अलीकडं ऑइलची लाल बत्ती लागली. चेंबर फुटलं. बाकीचा रस्ता रिक्षा. टाके पडले. संजय शुद्धीवर आहे, म्हणतो, सीट कव्हर खराब झालं का? ह्या माणसाला काय म्हणावं.

२६ डिसें., शुक्र
ठाण्यात सगळं लिहून घेतलं. हवालदार समजुतीनं बोलले, "ताई, आपलेच दात आपलेच ओठ. घरातल्या मोठ्या माणसाचा जबाब द्या, वाट जुनी हाय म्हणून." मोठं माणूस म्हणजे आप्पा.
घरी येऊन आप्पांना सांगितलं. म्हणाले, "दत्ताला मी खांद्यावर बसवून जत्रा दावलीया. त्याचा बाप गेला तवा माझ्याच कुशीत झोपायचा. त्याच्यावर केस न्हाई."
"तुमच्या पोराचं डोकं फोडलंय त्यानं."
"न्हाई म्हंजी न्हाई."
मी म्हणाले, "मग आता त्याच्याच खांद्यावर बसून दौंडला जावा."
बोलले. आजच खुर्चीतून उचलून आणलेल्या माणसाला बोलले. ते कुशीवर वळले. मी भांडी घासली, जोरात. वाईट वाटतंय, पण चूक बोलले असं अजून वाटत नाही.

३१ डिसें.
चेंबर बदलून गाडी आणली. आता वस्तीवर नेता येत नाही (चर परत खोदला, आधीपेक्षा रुंद), म्हणून डांबरीवर चहाच्या हॉटेलापुढं लावते. कंपनीच्या बसमधून उतरले तर पुढची काच नाही. म्हणजे आहे, सगळी सीटवर. मधोमध दगड. हॉटेलवाला म्हणाला, मी मागं दूध तापवत होतो, काही बघितलं नाही. माझ्याकडं न बघता म्हणाला.
डिकीतून चाक खोलायचा पाना काढला. दत्ताच्या दारात गेले. ट्रॅक्टरला ग्रीस लावत होता.
"काच कुणी फोडली?"
"मला काय ठावं. माहेरी इचार."
पहिला पाना हेडलाइटवर. तो धावून आला, माझ्या दंडाला धरलं, पिळला. दुसरा त्याच्या मनगटावर बसला. आवाज आला. ओली फांदी मोडल्यावर येतो तसा नाही, कोरडा. तो खाली बसून हात पोटाशी धरून वाकला आणि थोरली घरातून केस सोडून बाहेर आली.
मला बरं वाटलं. लिहून ठेवते. खूप बरं वाटलं. पाना परत आणून डिकीत जागेवर ठेवला.

३ जाने., शनि
आता आमच्यावरही तक्रार. दत्ताच्या हाताला प्लास्टर, कोपरापर्यंत. संजयच्या डोक्याला पट्टी. माझ्या दंडावर पाच बोटं निळी. गावातली माणसं बघून जातायत, जत्रा असल्यासारखी. नवीन काच बसवली. वाटेसाठी तहसीलला अर्ज टाकला. साहेब जागा बघायला येतील, म्हणाले. कधी? येतील.
कंपनीत सुपरवायझर म्हणाला, मॅडम, आजकाल रिजेक्ट फार करताय.

६ जाने., मंगळ
आप्पा दौंडला गेले नाहीत. खुर्ची आणली तर पाय आखडून घेतले. "मढं नेत्यात तसं नेऊ नका मला. सगळं गाव डांबरीवर उभं राहतंया."
संजयनं हातापाया पडून बघितलं. मी रागावून बघितलं. नाही म्हणजे नाही. हा हट्टीपणा ह्या घराच्या रक्तातच आहे, दोन्ही घरांच्या. दौंडहून सिस्टरचा फोन आला, एक चुकली तर चालेल असं समजू नका, पाणी फुप्फुसात चढतं.

९ जाने., शुक्र
गेले. तोंडावर टॉवेल घेऊन, खुर्चीत, दौंडला. संजयचा टाका उसवला.

१४ जाने., संक्रांत
थोरली आली. तिळगूळ घेऊन. गोड बोलायलाच आली असं म्हणाली आणि खरंच गोड बोलली, म्हणूनच जास्त राग आला.
"गाडी आमच्या दारात आण. नवा नारळ. दत्ताच्या हातनं फोडायचा. तू त्याच्या पाया पड, चारचौघांसमोर, बास. त्याच दिवशी चर बुजवतू. तक्रारी दोघांनी मागं घ्यायच्या."
मी म्हणाले, "त्याच्या उजव्या हाताला तर प्लास्टर हाय. नारळ कसा फोडणार?"
"डाव्यानं फोडंल." ह्यावर तिला हसू आलं नाही. मला आलं. ते वाईट झालं.
ती गेल्यावर संजय म्हणाला, "पड ना पाया. काय झिजणार हाय तुझं?"
"ज्यानं तुमचं डोकं फोडलं त्याच्या?"
"माझ्या डोक्याचं मी बघीन. आप्पांचं बघ."
मग काय झालं ते असं, संजयनं ताट फेकलं, मी तांब्या फेकला, तांब्या दाराला लागला. आप्पा आतल्या खोलीत खोकत होते, मुद्दाम, आम्हाला ऐकू यावं म्हणून.

१६ जाने., शुक्र
आज परत गेले नाहीत. पाय सुजलेत. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. संजय माझ्याशी बोलत नाही. भाकरी खातो, बोलत नाही.
मनात सारखं हेच, की दत्ता मेला पाहिजे. ट्रॅक्टर उलटून, करंट लागून, कसंही. दळण आणायला गेले तरी हेच. कुणी ऐकलं तर काय म्हणेल.

१८ जाने., रवि
पाया पडायला गेले.
आप्पांसाठी गेले. नारळ, हळद-कुंकू, गाडी धुऊन, दत्ताच्या दारासमोर डांबरीच्या कडेला लावली. संजय मागं उभा. गावातली चार माणसं थोरलीनंच बोलावलेली. दत्ता खाटेवर बसलेला, प्लास्टर मांडीवर. मी पदर घेतला, वाकले. माझा हात त्याच्या पायापर्यंत गेला आणि त्यानं पाय खाटेवर वर घेतले.
"आता उशीर झाला. नारळ शिळा झाला तुझा. शिळा नारळ आमी फोडत न्हाई."
थोरलीसुद्धा म्हणाली, "आरं दत्ता, आसं न्हवतं ठरलं." त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. चौघांतला एक म्हातारा खाकरला.
मी वाकलेलीच होते. सरळ व्हायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.
गाडीत बसल्यावर संजय पहिल्यांदा बोलला. "चुकलं माझं. तुला न्यायला नको होतं." मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

२० जाने., मंगळ
दत्तानं नांगरलेल्या वाटेत पाणी सोडलं. पहाटे मोटार चालू केली असणार, सकाळी बघितलं तर नुसता चिखल. संजय मधे जाऊन बघून आला, गुडघ्यापर्यंत आत जातो. खुर्ची नेता येणार नाही. कांद्यातून न्यावी तर दत्ता बांधावर उभा. आज आप्पा खुर्चीला हो म्हणाले होते. आज म्हणाले.
संजयनं चिखलातून पाठीवर घेऊन बघितलं. दहा-बारा पावलांवर दोघंही बसले. परत आणलं, धुतलं, कपडे बदलले. आप्पांना कुडकुडी. ते आपले, "जाऊ दे रं, आता शुक्रवारी."
शुक्रवारपर्यंत काय होईल ते मला दिसतंय. तोंड सुजलंय. आडवं झालं की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकवून बसवलंय.

२१ जाने., बुध. दौंड
आप्पा मशीनवर. मी बाहेर बाकावर. सगळं आत्ताच लिहिते, नंतर मी स्वतःलाच वेगळं सांगेन.
संजय फर्स्ट शिफ्टला गेलेला. आठच्या सुमारास आप्पांचा आवाज बदलला. श्वासाबरोबर बुडबुडे. ओठ काळपट. १०८ ला फोन केला, ते म्हणाले येतो, पण रस्ता आहे का घरापर्यंत? मी म्हणाले नाही. ते म्हणाले, डांबरीपर्यंत आणता येईल का पेशंट? मी फोन ठेवला.
चिखलाच्या कडेनं, गुडघाभर, डांबरीवर गेले. हॉटेलापुढून गाडी काढली. डावीकडं वाट, सगळी चिखल. उजवीकडं दत्ताचा कांदा. काढणीला आलेला, पाती आडव्या झालेल्या, म्हणून त्यानं पाणी तोडलेलं. रान कोरडं टणक. डांबरीच्या कडेला जिथं चर संपतो तिथून गाडी कांद्यात घातली.
फर्स्ट गिअर. सरी-वरंब्यांवर गाडी आदळत होती, खाली कांदे फुटत होते, आवाज आत येत होता. चांगला कांदा होता. मला वाईट वाटलं नाही. घरी पोचले, आप्पांना कवेत घेऊन पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागं केली, पट्टा लावला. ते अगदी हलके होते आणि अगदी जड.
परत त्याच चाकोरीतून निघाले. तोवर दत्ताला दिसलं होतं. बांधावरून पळत आला, प्लास्टर छातीशी धरून. मागून थोरली. मला वाटलं दगड मारील. तो चाकोरीत आला आणि आडवा झाला. उताणा, कांद्यात, चाकाच्या बरोबर वाटेत. तोंडानं म्हणत होता, "घाल. घाल अंगावर. हिंमत हाय का?"
मी क्लच दाबला. गाडी उभी राहिली. बाजूनं काढावी तर आता उजवीकडं चिखल, डावीकडं बांधाची दगडी ताल.
मी म्हणाले, "आप्पा, दत्ता आडवा पडलाय."
"दिसतंय मला."
श्वास घेतला त्यांनी. घेता येईना, तरी घेतला.
"चालव."
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते दत्ताकडं बघत होते. "चालव, पोरी."
क्लच सोडला.
तो शेवटी सरकला, असं मला वाटतं. लाल बॉनेटखाली गेला तेव्हा तो वळत होता, तालीच्या बाजूला. डावं चाक कशावरून तरी गेलं. वरंबा असेल. तिथं सगळीकडं वरंबेच आहेत. थोरलीची किंकाळी ऐकू आली, पण ती गाडी हलली तेव्हापासूनच ओरडत होती. मी आरशात बघितलं नाही. डांबरीवर चढले, थर्डला टाकली, चौफुल्याकडं वळले.
पाटसच्या अलीकडं आप्पांनी विचारलं, "मागं बघितलंस?"
"न्हाई."
"मी बी न्हाई."
इथं आल्याआल्या आत घेतलं, सुई लावली, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर. गाडी खाली उभी आहे. चाकांना कांद्याचा चोथा लागलाय, वॉचमन म्हणाला, मॅडम, भाजी मार्केटमधून आलात का? मी चाकं जवळून बघितली नाहीत. अजून काय लागलंय ते बघायला वाकले नाही.
संजयचे फोन येतायत. एकामागून एक. मग अनोळखी नंबरवरून एक. मग परत संजय.
मगाशी आत गेले. आप्पांच्या ओठांचा रंग परत आलाय. डोळे उघडे. माझ्या हातातला फोन थरथरत होता, त्याच्याकडं बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "त्यो तीन वर्षांचा होता, पहिल्यांदा जत्रंला नेला तवा." मशीनचा आवाज येत होता. मी विचारलं, "उचलू का?"
"मशीन संपूस्तवर उचलू नगंस."
मी बाहेर येऊन बसले. अजून दोन तास आहेत.